बाबांचा गळ कोणाकडे?



आमच्या वडिलांना जाऊन या महिन्यात एक वर्ष झाले. वर्षदिनाच्या मिस्साला आम्ही तिघे भावंडे गावच्या घरी जमलो होतो. जेवणे आटोपली, पाहुणे गेले आणि मग माळ्यावरची एक लाकडी पेटी खाली काढली. तिच्यात गळाच्या दोन काठ्या, तीन रिळे, चहाच्या डब्यात जपून ठेवलेले लहानमोठे गळ आणि आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेले तीन चषक होते. त्या पेटीवरून आमच्यात वाद झाला. तो वाद आपल्यापुढे मांडावा, म्हणून हे लिहीत आहोत. कारण अशी एखादी पेटी आपल्या धर्मग्रामातल्या पुष्कळ घरांत असेल. कोणाकडे वडिलांचा तबला असेल, कोणाकडे कुस्तीची गदा, कोणाकडे शाळेने दिलेले मानपत्र.

आपल्यातल्या जुन्या मंडळींना बाबा आठवत असतील. निवृत्तीनंतर गावी परत येऊन तिसऱ्या बाकावर बसणारे, मिस्सा संपल्यावर मुलांना माशांच्या गोष्टी सांगणारे. पण त्याआधीची तीस वर्षे ते मुंबईत एका कारखान्यात फिटर होते. मुळेच्या काठी वाढलेल्या माणसाला मुंबईत पाणी सापडले ते पवईच्या तलावावर. हा तलाव १८९१ साली शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधला गेला. पुढे ते पाणी पिण्याला चालेना, पण मासे मात्र राहिले. रोहू, कटला, मृगळ हे तिथले मुख्य मासे. गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांची जुनी संघटनाही तिथे आहे. बाबा कामावरच्या एका मित्राबरोबर तलावावर गेले आणि तिथलेच झाले. स्पर्धेत दिवसभर गळ टाकून बसायचे आणि संध्याकाळी मासा तराजूवर ठेवायचा. ज्याचे वजन जास्त, तो पहिला. बाबा तीन वेळा पहिले आले.

आमच्यातल्या थोरल्याचे म्हणणे असे, की चषक काचेच्या कपाटात लावावेत आणि बाबांच्या नावाने दरवर्षी मुळा धरणावर गळाची स्पर्धा भरवावी. धाकट्याचे म्हणणे असे, की परदेशी बनावटीचे एक रीळ आहे, त्याला आजही किंमत येईल. ते विकून गावातल्या गरजू मुलाची फी भरू. मधली बहीण बराच वेळ गप्प होती. मग ती म्हणाली, "हे चषक आईचे आहेत. एवढे रविवार तिने एकटीने काढले, ते कोणी मोजलेत का?" त्यानंतर कोणीच काही बोलले नाही. पेटी तशीच बंद केली.

चौथी आज्ञा आपण लहानपणापासून पाठ म्हणत आलो आहोत. आईबापांचा मान राखायचा, हे सर्वांना मान्य आहे. पण बाप गेल्यावर त्याच्या पराक्रमाचा मान कसा राखायचा? त्याची वस्तू जपायची, नाव जपायचे, की आणखी काही?

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रातल्या एका घराला आमच्यापेक्षा फार मोठ्या प्रमाणावर पडला. २०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती आपल्या अहिल्यानगरातच झाली. ती पाहायला गेलेल्या तरुणांना खाशाबा जाधव हे नाव सांगायला नको. त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. हा दिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलोच्या गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ सालापर्यंत, म्हणजे ४४ वर्षे थांबावे लागले. ते अटलांटात टेनिसमध्ये लिएंडर पेस यांनी मिळवले.

या कथेतला आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र पदकाच्या आधीचा आणि नंतरचा आहे. हेलसिंकीला जायला खाशाबांकडे पैसे नव्हते. गावच्या लोकांनी वर्गणी काढली. त्यांच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. पदक घेऊन खाशाबा परतले, तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर त्यांनी पहिले काम केले ते देणे फेडण्याचे. कुस्त्यांचे फड भरवले आणि त्यातून आलेल्या पैशांनी लोकांचे पैसे परत केले. जिंकून आलेला माणूस आधी ऋणको म्हणून उभा राहिला. पुढे ते पोलीस खात्यात नोकरीला लागले. १९८४ च्या ऑगस्टमध्ये रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा.

वडिलांच्या नावाला न्याय मिळावा म्हणून त्यांचे चिरंजीव रणजित जाधव वर्षानुवर्षे झटत राहिले. गोळेश्वरला खाशाबांच्या नावाने कुस्ती संकुल होणार, असे सरकारने जाहीर केले होते. ते होईना, तेव्हा २०१७ साली कुटुंबाने सांगितले, की आम्ही वडिलांचे ऑलिंपिक पदक लिलावात काढू आणि त्या पैशातून आखाडा बांधू. वर्तमानपत्रांतून ती बातमी आली आणि लोक हळहळले. काहींना वाटले, बापाचे पदक विकायला काढणारा हा कसला मुलगा? काहींना वाटले, ही वेळ त्याच्यावर आणली याची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

आम्ही भावंडांनी या बातमीवर पुन्हा एकदा विचार केला. पदक विकणे म्हणजे वडिलांचा अपमान की सन्मान? पदक ही खूण आहे. खूण कशाची, तर गावच्या मातीत घुमलेल्या एका मुलाच्या कष्टाची आणि त्याच्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसांची. ती माती कोरडी पडली, नव्या मुलांना आखाडा मिळेना, आणि पदक मात्र कपाटात चकचकीत राहिले, तर जपले काय? उलट बाजूनेही विचार करावा लागतो. पदक एकदा गेले, की ते परत येत नाही. नातवंडांना हातात घेऊन पाहायला काही उरत नाही. माणूस डोळ्यांनी पाहून आणि हातांनी स्पर्श करून आठवतो. आपण स्वतः क्रूसाला, जपमाळेला, आईच्या जुन्या शालीला जपतोच ना? म्हणून खूण विकणे हे सोपे उत्तर नाही. पण त्या मुलाला एक गोष्ट पक्की कळली होती, असे आम्हाला वाटते. वडिलांनी आधी देणे फेडले आणि मग घरी बसले. तेव्हा वडिलांचा खरा वारसा त्या देण्याच्या बाजूला आहे. जिंकणे वारशाने मिळत नाही. पहिलवानाचा मुलगा जन्मतः पहिलवान होत नाही. वारशाने येते ते देणे, आणि ते पुढच्या मुलांना द्यायचे असते.

आता मासे धरणाऱ्याकडे परत येऊ. कारण गळाच्या खेळाला कुस्तीपेक्षा एक वेगळी अडचण आहे. पहिलवानाला समोर पहिलवान लागतो. गळवाल्याला मासा लागतो आणि माशाला जिवंत पाणी लागते.

गळवाल्यांच्या जगात महासीर हा राजा मासा समजतात. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकाने कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महासीर गळाने काढला. तो विक्रम आजही सांगितला जातो. हे कुटुंब मेलेली जनावरे भुसा भरून टिकवण्याच्या कलेत जगभर प्रसिद्ध होते. मेलेले टिकवणे त्यांना उत्तम जमत होते. पण ज्या जातीचा तो मासा, ती कावेरीच्या खोऱ्यातली मोठी महासीर आज अस्तंगत होण्याच्या काठावर आहे. २०१८ साली तिची शास्त्रीय ओळख नीट ठरली आणि त्याच वर्षी ती सर्वात धोक्यात असलेल्या जातींच्या यादीत गेली. विक्रम लिहिलेला राहिला आणि तो मोडायला मासाच राहिला नाही.

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी आहे. दख्खनच्या नद्यांत जो महासीर सापडतो, त्याचे शास्त्रीय वर्णन कर्नल साईक्स यांनी १८३९ साली केले. हा मासाही पुढे कमी होत गेला. तेव्हा १९७० च्या सुमारास टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी त्याची पैदास सुरू केली. लाखो पिल्ले वाढवून ठिकठिकाणी सोडली. अलीकडे ही जात धोक्याच्या यादीतून बाहेर आली आहे. केवढे चांगले काम! पण यातच एक धडाही आहे. हीच पिल्ले कावेरीतही सोडली गेली आणि तिथल्या मूळच्या मोठ्या महासीरला जागा उरली नाही, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. ती जात घटण्याच्या कारणांपैकी हे एक. चांगल्या मनाने केलेले जतनही, समोर कोण आहे हे न पाहता केले, तर दुसऱ्याला मारक ठरते. वडिलांच्या नावाने काही उभे करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आमच्या थोरल्याला वाटणारी स्पर्धा चांगलीच आहे. पण मुळा धरणावर ज्यांचे पोट मासेमारीवर चालते, त्यांच्या वाटचे मासे आपण हौसेसाठी धरणार का, हे आधी विचारायला हवे. बाबांचा पवई तलाव तरी आज कसा आहे? दरवर्षी जलपर्णीने भरतो आणि सांडपाणी त्यात मिसळते. त्या पाण्याची काळजी न करता तिथे जिंकलेला चषक पुसत बसणे म्हणजे विहीर बुजवून घागर जपणे आहे.

आता बहिणीच्या प्रश्नाकडे येतो. तो आम्हाला सर्वात जड गेला.

बाबा मुंबईत रविवारी पहाटेचा मिस्सा चुकवत नसत. पण मिस्सा संपला, की चर्चच्या दारातूनच ते बस पकडत. आई आम्हा तिघांना घेऊन घरी येई. दुपारचे जेवण बाबांशिवाय होई. आम्ही आजारी पडलो, तो रविवार असला तर आईच दवाखान्यात नेई. ज्या दिवशी त्यांना पहिला चषक मिळाला, त्या दिवशी बहिणीचे पहिले ख्रिस्तशरीर स्वीकारणे होते. बाबा मिस्साला होते, पण जेवणाला नव्हते. फोटोत ते नाहीत. हे सांगताना आम्हाला संकोच वाटतो. गेलेल्या माणसाचे उणे काढू नये, असे आपल्यात म्हणतात. पण मान राखणे म्हणजे खोटा माणूस उभा करणे आहे का? ज्याने कधी चूक केली नाही, असा बाप आपण नातवंडांना सांगितला, तर तो त्यांचा आजोबा राहत नाही. तो भिंतीवरचे चित्र होतो. चित्रावर प्रेम करता येते, पण त्याला क्षमा करता येत नाही. आणि क्षमेशिवाय आपल्या घरातले कोणते नाते पुरे झाले आहे?

म्हणून आम्ही ठरवले, की चषकाची गोष्ट सांगायची तर त्या जेवणाचीही सांगायची. आईला विचारले, तर ती हसली. म्हणाली, "मी रागावले होते खरी. पण तो कटला मीच रांधला. चाळीतल्या अकरा घरांत वाटला." आम्हाला हे ठाऊकच नव्हते. चषकावर बाबांचे नाव आहे, आणि अकरा घरांत त्या दिवशी आईचे नाव झाले होते.

शुभवर्तमानात मासे धरणारे पुष्कळ आहेत. बाबांना त्यातले दोन प्रसंग फार आवडत. पहिला पुनरुत्थानानंतरचा. पेत्र आणि सोबत्यांच्या जाळ्यात १५३ मोठे मासे आले, असा नेमका आकडा योहान देतो. बाबा म्हणत, हे लिहिणारा नक्की मासे धरणारा असला पाहिजे, दुसरा कोण मोजत बसेल! दुसरा प्रसंग जब्दीचा. त्याची दोन्ही मुले, याकोब आणि योहान, हाक येताच बापाला होडीत ठेवून निघून गेली. बाबांना जब्दीची दया येई. जन्मभराचा धंदा, होडी, जाळी, सगळे जमवलेले, आणि मुले गेली. पण त्या मुलांनी बापाचा अपमान केला, असे कोणी म्हणत नाही. होडी चालवत राहणे हा बापाला मान देण्याचा एक मार्ग आहे, एकमेव नाही. पहाटे उठणे, रात्रभर काही न मिळूनही पुन्हा जाळे टाकणे, सोबत्याच्या हाकेला धावणे, हे जब्दीच्या मुलांनी होडीतच शिकले असणार. ते त्यांनी बरोबर नेले.

आमच्या बाबांनी हे कुठे शिकले? हा प्रश्न मनात आला आणि आम्हाला एकदम त्यांच्या शेवटच्या आजारातले बोलणे आठवले. त्यांनी दोनतीनदा विचारले होते, "आप्पांच्या घरी कोणी जाऊन आलं का?" आम्ही हो-हो म्हणून वेळ मारून नेली होती. आप्पा म्हणजे आमच्या गावच्या भिल्ल वस्तीवरचे वृद्ध गृहस्थ. बाबा लहान असताना त्यांच्या मागे मागे मुळेच्या काठाने फिरत. पाणी कुठे खोल, मासा कोणत्या वेळी वर येतो, कणकेचा गोळा किती घट्ट मळायचा, ओढ लागली तरी काठी लगेच का उचलायची नाही, हे सगळे आप्पांनी शिकवले. आप्पांना कोणी चषक दिला नाही. त्यांच्यासाठी मासा म्हणजे संध्याकाळची भाकरी होती. आप्पा कधीच वारले. आणि आम्ही बापाचा वारसा कपाटात ठेवावा की विकावा, यावर भांडत होतो. ज्याच्याकडून तो आला, त्या घराची वाट आम्हाला नीट माहीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे आणि आई वस्तीवर गेलो. आप्पांच्या सूनबाई आता आजी झाल्या आहेत. त्यांनी आम्हाला ओळखले नाही. बाबांचे नाव सांगितले, तेव्हा घोंगडी टाकली, चहा केला. आम्ही जरा अवघडूनच म्हणालो, की बाबांना बक्षिसे मिळाली, त्यात आप्पांचा वाटा होता, ते सांगायला आलो. आजी म्हणाल्या, "ते तर म्हाताऱ्याला ठावं व्हतं. तुमचा बाप पहिला पेला घेऊन मुंबईहून आला, तो आधी हितं आला. म्हाताऱ्यानं त्यात च्या पिला."

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. घरी आल्यावर बहिणीने पेटी उघडली आणि पहिला चषक बाहेर काढला. आत तळाशी तपकिरी डाग होता. इतकी वर्षे आम्ही तो गंज समजत होतो.

बंधूभगिनींनो, आमचा वाद पुरता मिटला असे म्हणणार नाही. पण काही गोष्टी ठरल्या. पहिला चषक घासायचा नाही, तसाच ठेवायचा. तो आईजवळ राहील. बाकीचे दोन दोघा भावांकडे जातील. बहिणीने काठ्या मागून घेतल्या, याचे आम्हाला नवल वाटले. परदेशी रीळ विकायचे आणि आलेल्या पैशातून वस्तीवरच्या शाळकरी मुलांच्या वह्या-पुस्तकांना हातभार लावायचा. उपकार म्हणून द्यायचा नाही, फेड म्हणून द्यायचा. स्पर्धा तूर्त नाही. त्याऐवजी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची मुले मुळेवर जातील, वस्तीवरच्या मुलांबरोबर, आणि शिकवणारे वस्तीवरचेच असतील. लहान मासा आला तर सोडून द्यायचा. आणि रविवारी जायचे झाले, तर मिस्सानंतर सगळे मिळून जायचे, डबा घेऊन, आईसुद्धा.

आपल्याही घरी माळ्यावर एखादी पेटी असेल, तर ती या आठवड्यात खाली काढावी, ही विनंती. त्यातल्या वस्तूचे काय करायचे, ते सावकाश ठरवा. आधी एवढे विचारा, की ही वस्तू आपल्या वडिलांच्या हाती यावी म्हणून कोणी घर गहाण ठेवले, कोणी रविवार एकटीने काढले, कोणी हात धरून शिकवले. त्यांच्यापैकी कोणी हयात असेल, तर जाऊन या. आम्हाला तिथे पोहोचायला एक वर्ष उशीर झाला.